थोबाडीत बसते, हसू येतं
लेखमाला : पडद्यावरचं घर – भाग ७

तुळशीचं लग्न लागलं की जामसंडे-देवगडपासून खाली सावंतवाडीपर्यंत जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे दशावतार उभा राहतो. आड दशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासूर येतो. काळा वेश, मालवणी बोली, तोंडाला लगाम नाही. वेद चोरणारा हा असुर सगळ्यांवर गुरगुरतो, लोक खदखदून हसतात, आणि विष्णूच्या हातून शेवटी त्याचाच वध होतो. इथे फजिती होते ती दांडगाई करणाऱ्याची.

नाटककार गंगाराम गवाणकरांनी १९८० साली ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक रंगभूमीवर आणलं तेव्हा धोका मोठा होता. भरसभेत बाईची विटंबना, आणि त्यावर विनोदी नाटक! पण हसू द्रौपदीच्या दुःखाचं नव्हतं. तिची गोष्ट रंगवताना तारांबळ उडालेल्या गावकऱ्यांचं होतं, मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाच्या कोसळणाऱ्या हुकमतीचं होतं. द्रौपदी म्हणून साडी नेसलेला पुरुष दिसताच फुटणारं हसू मात्र मला तिथेही खटकतं.

टीव्हीवरच्या स्किटांत ती साडीच उरली आहे. साडीतल्या पुरुषाला कुणीही ढकलावं, त्याच्या अंगावरून बोलावं. बायको लाटणं घेऊन धावते, नवरा थोबाडीत देतो, ‘फटाक’ असा आवाज येतो, मार खाणारा लगेच उठून उभा. गाल सुजत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. वेदना काढून टाकली की मारणं म्हणजे नुसता आवाज उरतो, आणि आवाजाला हसायला कुणाचीच हरकत नसते. इंग्लंडच्या बाहुलीखेळातला पंच याच युक्तीवर जुडीला, आपल्या बायकोला, पिढ्यान्‌पिढ्या काठीने बडवत आला.

‘विनोदच तो, कोण मनावर घेतं?’ असं आपण म्हणतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याचं उत्तर प्रसिद्ध केलं. बायकांबद्दल आधीच आकस असलेल्या पुरुषांनी बायकांची खिल्ली उडवणारे विनोद वाचले, तेव्हा महिला संस्थेला देणगी देण्याची त्यांची तयारी घटली. तशीच मतं विनोदाविना, सरळ विधानं म्हणून वाचणाऱ्यांत ती घटली नाही. म्हणजे आकस आधीचाच होता, विनोदाने त्याला मोकळीक दिली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याही त्याच टीव्हीसमोर बसतात, बहुधा त्याच नवऱ्याशेजारी. तो हसत असताना त्यांनी काय करायचं?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने अपमान आणि टिंगल, विशेषतः मूल किंवा मुलगा नसण्यावरून केलेली टिंगल, शाब्दिक व भावनिक छळात धरली आहे. घरात जो छळ ठरतो तोच प्रकार पडद्यावर दिसला, तर मनोरंजन वाहिन्यांविरुद्ध ब्रॉडकास्टिंग कन्टेन्ट कम्प्लेंट्स कौन्सिलकडे प्रेक्षकाला तक्रार करता येते. ती कशी लिहायची, ते पुढच्या आठवड्यात.