पाया खोदण्याआधी विचारा, पुराचं पाणी कुठवर येतं?

तायांनो, घरकुल मंजूर झालं म्हणजे जागा सुरक्षित आहे असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात रात्रीतून पाणी घरात शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली.

नदीकाठी पाटबंधारे खातं दोन पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत घर बांधायला मनाई आहे. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधे परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीहून उंच लागतं. '२५ वर्षांतून एकदा' हा अंदाज आहे, लागोपाठ दोन वर्षंही पूर येतो.

म्हणून जागेचा फोटो काढायच्या आधीच ग्रामसेवकाला पूररेषा विचारा. आखलेली नसेल तर ग्रामसभेत तसा ठराव मांडा. जुन्या बायांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं. दुसरी जागा नसेल तर घरकुल जागा खरेदीच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेची चौकशी पंचायत समितीत करा.

घरकुलाचं अनुदान, वर गटाचं कर्ज. घर वाहून गेलं तरी हप्ता थांबत नाही.