नव्या टाकीतले शेवाळ : औषध नको, धीर हवा

दिवाणखान्यात काचेची मोठी टाकी बसते. तिच्यात खारे पाणी भरले जाते, निळसर दिवे लागतात, पांढरीशुभ्र वाळू चमकू लागते. दोन-तीन आठवडे जातात आणि वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते. मग दगडांवर हिरवे केस उगवतात आणि एके दिवशी लालसर, बुळबुळीत साय सगळीकडे पसरते. हौसेपायी हजारो रुपये घातलेले कुटुंब हवालदिल होते. तेवढ्यात कोणीतरी सुचवते, ‘एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या विरघळवून टाका, दोन दिवसांत साफ!’ चूक होते ती इथेच.

नव्या टाकीत शेवाळ येणे हा आजार नाही, ती बाल्यावस्था आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. या जिवाणूंची वसाहत दगड-वाळूवर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर जागा मोकळी, उजेड भरपूर आणि पाण्यात खतही. पहिल्या पावसानंतर मोकळ्या प्लॉटवर तण माजते, तसेच हे.

मात्र प्रत्येक थराचे कारण वेगळे असते. सुरुवातीची तपकिरी धूळ म्हणजे डायटम. पाण्यातील सिलिकेटपासून ते आपले कवच बनवतात. सिलिकेट संपले की बहुधा आपोआप ओसरतात. हिरवे केसाळ शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसते. चाचणीत हे दोन्ही शून्य दिसले, तरी फसू नये. शेवाळानेच ते शोषलेले असू शकतात. लाल साय तर शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू. याउलट बुडबुडे धरणारा तपकिरी, शेंबडासारखा थर डायनोफ्लॅजेलेटचा असू शकतो. पाणी अतिस्वच्छ, पोषकद्रव्ये जवळजवळ शून्य असली, की तो फोफावतो. अशा वेळी पाणी आणखी बदलत राहिल्यास तो वाढण्याचीच शक्यता जास्त.

उपाय साधे आहेत. नळाचे पाणी वापरू नये. त्यात सिलिकेट, फॉस्फेट असू शकतात. घरातील पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी क्षार पुन्हा मिसळले जातात, म्हणून तेही चालत नाही. टीडीएस शून्याजवळ असलेले पाणी घ्यावे आणि त्यात समुद्री मीठ लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षारता येईल इतके मिसळावे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरताना मात्र मीठ घालू नये. मीठ उडून जात नाही. दिवे रोज सात-आठ तासच ठेवावेत. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे आणू नयेत. केसाळ शेवाळ हाताने उपटावे, लाल साय नळीने ओढून काढावी. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी नंतर, थोड्या-थोड्या सोडाव्यात.

मग एरिथ्रोमायसिन का नको? ते जिवाणूंवर चालते, म्हणून लाल साय नाहीशी होते, हे खरे. पण अमोनिया पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंनाही त्याची झळ बसू शकते. खत तसेच राहिल्याने साय परतते. आणि टाकीचे पाणी गटारात गेले की औषधही तिथल्या जिवाणूंपर्यंत पोहोचते. औषधाला न जुमानणारे जंतू अशानेच तयार होतात. माणसाच्या उपचारासाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवे असे हे औषध शोभेच्या टाकीत ओतणे परवडणारे नाही.

सफाई करणाऱ्या हातांचीही काळजी हवी. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयरोगाच्या जिवाणूचा भाऊबंद. फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत तो 1926 मध्ये सापडला. तो बोटावरच्या बारीकशा जखमेतून शिरतो आणि काही आठवड्यांनी हातावर न दुखणाऱ्या गाठी उठतात. नेहमीच्या औषधांनी त्या हटत नाहीत. उपचार काही महिने चालतो. तोवर टाकी धुतल्याचे रुग्ण विसरलेला असतो. म्हणून अशी गाठ दाखवताना ‘घरी फिश टँक आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लांब रबरी हातमोजे घालावेत, जखम असेल तर हात पाण्यात घालूच नये.

शेवाळ मारण्यासाठी दगड उकळणे तर कधीच नको. त्यावरच्या काही प्रवाळसदृश झोअँथिड जिवांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. वाफेबरोबर ते श्वासात गेल्यास ताप, खोकला, धाप लागून अख्खे घर रुग्णालयात दाखल होऊ शकते. असा त्रास झाला तर लगेच मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालय गाठावे.

टाकी स्थिरावायला काही महिने लागतात. तोवर वहीत रोजचे खाद्य, दिव्यांचे तास आणि चाचणीचे आकडे लिहून ठेवावेत. शेवाळ कशामुळे आले, हे बहुतेक वेळा त्या वहीतच सापडते.