जुन्या भिंगाचा दोष

माझ्या वडिलांनी जुन्या घडीच्या कॅमेऱ्याने उजेडाच्या दाराशी टिपलेले आईचे छायाचित्र पांढुरके आले. आपला हात चुकला, ही खंत त्यांनी जन्मभर बाळगली. पण श्रोतेहो, दोष भिंगाचा होता. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. तो भिंगांमध्ये घुटमळून चित्रातील काळेपणा फिकट करतो. जर्मनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली पातळ लेपाने हे परावर्तन घटविले. तरी जुने भिंग टाकू नये. उजेडाकडे पाठ करावी, भिंगापुढे काळ्या कागदाची आखूड नळी लावावी. मग कृष्णधवल चित्रात सावल्याही मृदू उमटतात. परवा त्याच कॅमेऱ्याने मी आईला ओसरीवर टिपले. चित्र स्वच्छ आले. पाहावयास वडील मात्र नाहीत.