काळ्या मातीतली चॅसी

परभणी जिल्ह्यात समुद्राचा खारा वारा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे काही पावसाळ्यांतच गाडीची दारं खालच्या कडेने पोखरायला लागतात. इकडे वीस वर्षं जुन्या जीपचं बॉनेटही धड असतं. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वर्षातला बराच काळ हवा कोरडी असते. त्यामुळे इथली, म्हणजे एमएच-२२ची, गाडी बाळगणारा माणूस ‘आपल्याकडे गंज लागत नाही’ असं सहज बोलून जातो. गाडी रॅम्पवर चढवून खालून दिवा धरला की त्याचा हा विश्वास टिकत नाही.

जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठच्या रस्त्यांवर आजही चॅसीवर बांधलेल्या गाड्यांची चलती आहे: बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, जुन्या कमांडर आणि ऊस, कापूस, खत वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. दोन लांब गर्डर, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, आणि या चौकटीवर इंजिन, पाटे (लीफ स्प्रिंग), बॉडी असं सगळं ओझं. नव्या छोट्या मोटारींत बॉडी हीच चॅसी असते. त्यांच्या दुखण्याचं स्वरूप वेगळं, उपायही वेगळे.

आपल्याकडे चॅसीला गंज लावते ती काळी माती. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या खोऱ्यातल्या या मातीत चिकणाचा अंश भरपूर असतो. ती पाणी पिऊन फुगते आणि सहजी सोडत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेली गाडी हा चिखल गर्डरच्या वरच्या अंगावर, डिझेल टाकीच्या मागे, पाट्यांच्या हँगरपाशी आणि पेटीसारख्या बंद भागांच्या आत घेऊन येते. वरचा थर दोन दिवसांत वाळून भेगाळतो, पण लोखंडाला चिकटलेला थर कितीतरी दिवस ओला राहतो. गंज लागायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि ओल्या मातीखाली दोन्ही मिळतात. खतं वाहणाऱ्या ट्रॉलीत तर आणखी भर पडते. पोटॅश म्हणून विकलं जाणारं खत बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. फाटक्या गोणीतून ते सांडतं, ओल धरतं आणि कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याचं काम इथे करतं.

चांगला कारागीर ब्रश हातात घेण्याआधी हातोडी घेतो. चॅसीवर ठिकठिकाणी हलकेच ठोकून तो आवाज ऐकतो. खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा आहे, रंगाखालून तांबूस भुकटी निघेल एवढंच. पापुद्रे सुटत असतील आणि खाली खड्डे दिसत असतील तर धातू खाल्ला गेला आहे. आवाज बद्द आला, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत शिरलं, तर ते रंगाऱ्याचं काम राहिलं नाही. तिथे पॅच लागतो, आणि तोही चॅसीचं काम जाणणाऱ्या वेल्डरकडूनच. गर्डरच्या वरच्या-खालच्या पट्टीवर सर्वाधिक ताण येतो. तिथे मनमानी वेल्डिंग केलं किंवा भोक पाडलं की तडा तिथूनच जातो.

वरवरच्या गंजाचं काम मात्र नेटाने केलं तर घरच्या अंगणातही होतं. प्रेशरने धुणं ही पहिली पायरी, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात. चॅसीला पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोकं चिखलाने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करावीत, नाहीतर धुण्याचं पाणीच आत साचतं. मग गाडी पूर्ण वाळू द्यायची. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून सुटा गंज आणि पोपडे काढायचे, कोपऱ्यांत हाताने ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा आणि शेवटी थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसायचा. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क हवाच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावावेत.

खड्ड्यांत अडकलेला गंज ब्रशने निघत नाही. त्यासाठी रस्ट कन्व्हर्टर असतो. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. काही द्रावणांत टॅनिन असतं, ते गंजाला काळानिळा करून स्थिर करतं. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळा रंग तयार होतो, हे आपल्या रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. रसायन तेच, टॅनिन आणि लोह यांचं. फॉस्फरसचा धडा तर दिल्लीच्या मेहरौलीत उभा आहे. तिथला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर आहे. त्याच्या लोखंडातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाल्याचं आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं. दिल्लीची कोरडी हवाही त्याच्या मदतीला होती.

एक पथ्य मोलाचं आहे. आम्लाचं द्रावण पाट्यांवर सांडू देऊ नये. कडक पोलादात आम्लामुळे हायड्रोजन शिरतो आणि पाटा ठिसूळ होऊ शकतो.

यानंतर प्रायमर. एके काळी जहाजांना आणि पुलांना शेंदराचाच, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा, प्रायमर देत. तो उत्तम टिके, पण शिसं विषारी. त्याची जागा आता झिंक फॉस्फेटने घेतली आहे. गावातल्या दुकानात मिळणारा रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि कोरड्या भागात चालतो, पण चॅसीला खडी आणि चिखलाचा मारा बसतो. दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा इपॉक्सी प्रायमर महाग पडला तरी तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कडा, बोल्ट आणि वेल्डिंगच्या रेषांवर रंग पातळ बसतो, म्हणून तिथे आधी ब्रशने एक हात द्यायचा, मग सगळीकडे. प्रायमर वाळल्यावर चॅसी ब्लॅकचे दोन हात. पेटीसारख्या बंद भागांच्या आत ब्रश पोचत नाही. तिथे नळीने पातळ मेण फवारतात.

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे चॅसीला जळकं ऑइल फासणं. त्यामागची काटकसर मला समजते, पण ते ऑइल धूळ धरून ठेवतं, रबरी बुश फुगवतं आणि पुढे त्यावर रंग बसत नाही. गंजावरच डांबरी अंडरकोटिंग मारणं त्याहून वाईट. वरून चकचकीत, आत ओल कोंडलेली. गाडी विकण्याआधी किंवा फिटनेसला नेण्याआधी एका दुपारी काळा रंग मारून देणारे सगळीकडे भेटतात. ती सरळ फसवणूक आहे, आणि तिची किंमत पुढचा मालक मोजतो. जुनी गाडी घेताना खालून ताजा रंग दिसला तर हातोडी मागून घ्या.

कामाला मुहूर्तही हवा. भर पावसात धातू वाळत नाही; मे महिन्याच्या उन्हात लोखंड इतकं तापतं की थिनर उडून जातो आणि रंग नीट धरत नाही. परतीचा पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले. उसाच्या ट्रॉल्यांनाही हंगाम सुरू होण्याआधी हीच सवड मिळते. याच सुमारास खंडेनवमी-दसऱ्याला घरोघरी गाड्या धुऊन त्यांना हार घातला जातो. यंदा हार घालण्याआधी गाडी खालूनही धुवा, भोकं मोकळी करा आणि हातोडीने चॅसी एकदा ठोकून पाहा.