पद्मिनीच्या पायाखालचा गालिचा

प्रीमियर पद्मिनीचं दार उघडलं की आतला गालिचा ओला आहे की कोरडा, हे आधी नाकाला कळतं. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी मूळची फियाट ११००. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता पद्मिनी जपतात हौशी मालक, आणि त्यांची खरी लढाई पाण्याशी आहे.

दाराचं रबर कडक झालं की पाऊस आत झिरपतो, गालिच्याखालचं अस्तर पाणी धरून ठेवतं आणि पत्रा सडतो.

म्हणून जाणता कारागीर गालिच्याला शेवटी हात लावतो. आधी सीट काढायच्या, गंज खरवडायचा, भोकं असतील तिथे नवा पत्रा जोडायचा, मग प्रायमर. जुना गालिचा कितीही फाटका असो, फेकायचा नाही; नव्याचं माप त्याच्यावरूनच घ्यायचं.

सगळ्यात अवघड जागा मधला उंचवटा. त्याच्याखालून मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट जातो. इथला तुकडा आधी बसवतात, गरम हवेने मऊ करत, तळहाताने दाबत. बाजूचे तुकडे नंतर. सीटच्या बोल्टची भोकं टोच्याने चाचपून मगच कापड चिरतात.

बाहेरच्या चकचकीत पट्ट्या काढतानाही हीच सबुरी लागते. एकेक क्लिप सैल करावी लागते. घाईने ओढलेली पट्टी वाकते आणि तिची घडी कितीही पॉलिश केलं तरी उन्हात दिसते.