पूना हॉर्सचे सेंच्युरियन : रणगाडा कागदावर आणि रणात



चेन्नई सेंट्रलवरून अरक्कोणमकडे जाणारी लोकल पकडली की वाटेत आवडी स्टेशन लागते. इथल्या अवजड वाहन कारखान्यात रणगाडे तयार होतात. माझ्या वर्गातले विद्यार्थी या मार्गाने रोज ये-जा करतात, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतोच, ‘सर, कोणता रणगाडा सर्वांत चांगला?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण १९६५ सालच्या एका लढाईकडे वळू. तेव्हा दोन्ही बाजूंचे मुख्य रणगाडे बाहेरून आलेले होते. भारताकडे ब्रिटिश सेंच्युरियन होते, पाकिस्तानकडे अमेरिकी पॅटन.

आधी कागद पाहू. सेंच्युरियनचे वजन सुमारे ५० टन, इंजिन ६५० अश्वशक्तीचे. म्हणजे टनामागे १३ अश्वशक्ती. पॅटन एम-४८ सुमारे ४५ टनांचा, इंजिन ८१० अश्वशक्तीचे. टनामागे १८. आता चिलखत. सेंच्युरियनचा पुढचा उतरता पत्रा ७६ मिलीमीटर जाड आणि उभ्या रेषेपासून सुमारे ५७ अंश कललेला. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला ७६ भागिले कोसाइन ५७, म्हणजे जवळपास १४० मिलीमीटर पोलाद भेदावे लागते. पॅटनचा पत्रा ११० मिलीमीटर, कल ६०. तेच गणित केल्यावर २२० येते. शिवाय पॅटनमध्ये अंतर मोजण्याचे द्विनेत्री यंत्र आणि नेम साधणारा यांत्रिक गणक होता. परीक्षेत ‘तुलना करा’ असा प्रश्न आला, तर तुम्ही पॅटनला पूर्ण गुण द्याल.

आता सियालकोट आघाडीवर चला. पूना हॉर्स ही १८१७ साली उभी राहिलेली जुनी घोडदळ पलटण. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचे, सैनिकी कारकिर्दीची सुरुवात हैदराबाद संस्थानच्या फौजेत. ११ सप्टेंबर १९६५ रोजी फिल्लोराच्या लढाईत ते जखमी झाले. त्यांनी मागे जायला नकार दिला. १४ तारखेला वझीरवाली घेतले. १६ तारखेला जसोरन आणि बुटूर डोग्रांडीकडे चढाई केली. त्यांच्या रणगाड्यावर अनेक गोळे बसले, तरी त्यांनी चढाई थांबवली नाही. अखेर त्याच दिवशी त्यांचा रणगाडा पेटला आणि त्यांना वीरमरण आले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंद आहे की पलटणीने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले.

लढाईत दोन्ही बाजूंचे आकडे थोडे फुगतात, हे धरूनही फरक मोठा आहे. तो आला कुठून?

एक उत्तर गणितातून मिळते. सेंच्युरियनच्या २० पौंडी तोफेचा चिलखतभेदी गोळा सेकंदाला सुमारे १,४०० मीटर वेगाने सुटतो. समजा शत्रू खरोखर ८०० मीटरवर आहे आणि गनरने नुसत्या डोळ्याने ७०० मीटर धरले. हवेचा अवरोध सोडून द्या. ७०० मीटर जायला गोळ्याला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सव्वा मीटरच्या आत-बाहेर खाली येतो. तेवढी भरपाई करून नेम धरला, तर ८०० मीटरवर गोळा फक्त २० सेंटीमीटर खाली लागेल. रणगाडा जवळजवळ तीन मीटर उंच असतो! म्हणजे उसाच्या शेतांतून चाललेल्या अशा जवळच्या लढाईत अंतर मोजणारे महागडे यंत्र फारसे कामाला येत नाही. ते वापरायला दोन्ही डोळ्यांत दिसणाऱ्या प्रतिमा जुळवाव्या लागतात, त्याचा भरपूर सराव लागतो, आणि त्यात काही सेकंद जातात. जो आधी पाहतो आणि आधी गोळा सोडतो, तो बहुधा वाचतो.

आधी पाहणे हे कमांडरचे काम. रणगाड्याच्या पेरिस्कोपमधून चिंचोळी पट्टीच दिसते. त्यात धूळ, धूर. म्हणून त्या काळचे कमांडर बहुतेक वेळ झाकण उघडे ठेवून डोके बाहेर काढून उभे राहत. चिलखताचे सगळे गणित त्या क्षणी त्यांच्यापुरते शून्य होते. पलटणीचा प्रमुख स्वतः पुढे असेल तर निर्णय वायरलेसवर वाट पाहत अडकत नाहीत. पण त्याची किंमत कशी चुकवावी लागते, हे १६ सप्टेंबरने दाखवले.

मात्र यावरून ‘पॅटन वाईट होता’ असे लिहू नका. ८ सप्टेंबरला याच आघाडीवर पाकिस्तानच्या २५ कॅव्हलरीने पॅटन घेऊनच आपल्या आर्मर्ड डिव्हिजनची मुसंडी अडवली होती, आणि चाविंडा अखेरपर्यंत आपल्या हाती आले नाही. तेच यंत्र, तोच मुलूख. फरक होता दलाच्या तयारीत आणि त्या दिवशीच्या नेतृत्वात, असे माझे मत आहे.

पुरवठ्याची गोष्ट वेगळीच. युद्ध पेटताच अमेरिका आणि ब्रिटनने दोन्ही देशांची शस्त्रमदत रोखली. सुटे भाग, दारूगोळा, सगळेच अडले. जवळजवळ सर्व शस्त्रे अमेरिकेकडून घेणाऱ्या पाकिस्तानला त्याचा चटका जास्त बसला, पण सेंच्युरियनच्या सुट्या भागांसाठी आपणही ब्रिटनकडेच पाहत होतो. आवडीचा कारखाना त्याआधीच ठरला होता. ब्रिटिश कंपनी विकर्सशी करार १९६१ मध्ये झाला होता, आणि त्यातून विजयंता रणगाडा आला. त्याची १०५ मिलीमीटरची तोफ उत्तम होती. लेलँडच्या इंजिनाने मात्र बराच त्रास दिला. त्याच आवडीत पुढे अर्जुन रणगाडा बनला, आणि त्याचे इंजिन जर्मनीहून आले.

स्वाध्याय : वरचेच उदाहरण २,००० मीटरवर करा. गनरने १,८०० मीटर धरले आहेत असे समजा. गोळा किती खाली लागतो ते काढा. मग रणगाड्याचा फक्त बुरूजच बांधावर दिसत असेल, तर अंतर मोजणारे यंत्र कोणत्या अंतरापासून आवश्यक ठरते, ते आलेख काढून दाखवा.