इंग्रजीतील 'द' आणि मराठीतील 'ला'

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी माणसाला सर्वांत लहान शब्दच सर्वांत अधिक छळतात. मोठे शब्द कोशात सापडतात. पण 'ए', 'अ‍ॅन' आणि 'द' ही उपपदे कोठे घालावी व कोठे गाळावी, हे कोश पाहून कळत नाही. आपल्या भागात मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेली मुले मुलाखतीला बसतात, तेव्हा उत्तर ठाऊक असूनही त्यांची जीभ या उपपदांपाशी अडखळते. ऐकणाऱ्यांपैकी काहींचा मग असा ग्रह होतो की, यांच्या भाषेतच ही सोय नाही, तेव्हा यांच्या विचारात नेमकेपणा येणार कोठून? पुष्कळदा त्या मुलांनाही तसेच वाटू लागते. हा ग्रह कितपत खरा आहे, याचा विचार आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रथम 'द' नेमके करतो काय, ते पाहू. 'आय सॉ ए डॉग' असे कोणी म्हटले, तर एक कुत्रा दिसला, एवढेच कळते. कोणता, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पुढच्या वाक्यात तोच 'द डॉग' होतो, कारण आता दोघांनाही तो ठाऊक झाला. म्हणजे 'द' हा शब्द कुत्र्याविषयी नवे असे काहीच सांगत नाही. "मी कोणत्याविषयी बोलतो आहे, ते तुम्हाला कळते आहेच," एवढी खूण तो ऐकणाऱ्याला करतो. सूर्य एकच, म्हणून 'द सन'. या शब्दांचे कूळही पाहण्यासारखे आहे. 'द' हा जुन्या इंग्रजीतील 'तो, ते' अशा दर्शक शब्दापासून झाला आणि 'ए' हा 'एक' या अर्थाच्या शब्दापासून. आपली आजी गोष्ट सांगताना "एका गावात एक म्हातारी होती, ती म्हातारी रोज रानात जाई" असे म्हणते, तेव्हा ती त्याच दोन साधनांनी तेच काम करीत असते. फरक इतकाच की, इंग्रजीत हे शब्द झिजून सक्तीचे झाले. मराठीत ते अद्याप ऐच्छिक आहेत.

उपपद ही वस्तू आपल्या शहराला अगदी परकी आहे, असेही नाही. आपण ती रोज उच्चारतो. फक्त ओळखत नाही. १७२४ नंतर दख्खनचा कारभार हाती घेणाऱ्या आसफजाहांचा किताब होता निजाम-उल्-मुल्क, म्हणजे राज्याची व्यवस्था. यातील 'उल्'मधला 'ल्' हा 'अल्' या अरबी उपपदाचा अवशेष आहे. अरबीत त्याचे काम इंग्रजी 'द'सारखेच. बीबी का मकबरा ज्यांच्यासाठी उभा राहिला, त्या दिलरास बानू १६५७ साली वारल्या. त्यांना मिळालेले नाव राबिया-उद्-दौरानी. येथेही तेच 'अल्' आहे. पुढे 'द' आल्यामुळे 'ल्'चा 'द्' झाला. 'तत्' आणि 'लीन' मिळून 'तल्लीन' होते, तसाच हा वर्णांचा शेजारधर्म. पण गंमत अशी की, ही नावे उर्दूने जशीच्या तशी घेतली, तरी उर्दूच्या रोजच्या वाक्यात 'अल्' कधी शिरले नाही. उर्दूला त्याची गरजच भासली नाही. तिचे काम दुसऱ्या रीतीने भागत होते.

ती दुसरी रीत मराठीतही आहे. घरात कोणी एकाएकी आजारी पडले आणि वडील माणूस म्हणाला, "डॉक्टर बोलाव," तर मुलगा जवळचा कोणताही डॉक्टर आणील. "डॉक्टरांना बोलाव," असे म्हटले, तर तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे धावेल. मुलाने व्याकरण शिकलेले नसते, तरी तो चुकत नाही. लग्नाच्या बोलणीत "मुलगी पाहायला गेले" आणि "मुलीला पाहायला गेले" यांतील अंतर तर सांगायलाच नको. सजीवाच्या नावाला कर्मस्थानी 'ला' किंवा 'ना' लागला की, बोलणाऱ्यापुढे ठरावीक व्यक्ती उभी आहे, असे समजावे. उर्दूतील 'को' आणि येथे पूर्वी दरबारात चालणाऱ्या फारसीतील 'रा' यांचेही काम पुष्कळसे असेच आहे.

निर्जीव वस्तूंना मात्र सहसा हा प्रत्यय लागत नाही. तेथे शब्दांची जागा उपयोगी पडते. "टेबलावर पुस्तक आहे" यात पुस्तक नवे. "पुस्तक टेबलावर आहे" यात पुस्तक कोणते ते आधीच ठाऊक. इंग्रजी करताना पहिल्या वाक्यात 'ए बुक' येईल, दुसऱ्यात 'द बुक'. जे काम इंग्रजी एका शब्दाकडून करून घेते, ते मराठी प्रत्यय, क्रम आणि 'तो, एक' यांसारखे शब्द यांत वाटून देते.

तथापि 'ला' म्हणजेच 'द', असे समीकरण कोणी मांडू नये. "मी एका मुलाला पाहिले" या वाक्यात 'ला' आहे, पण तो मुलगा ऐकणाऱ्याच्या ओळखीचा नाही. केवळ बोलणाऱ्याच्या मनात तो ठरलेला आहे. बोलणाऱ्याला ठाऊक असणे आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर्कशास्त्राच्या पायावर रचलेल्या लोजबान या भाषेत 'ले' हा शब्द "माझ्या मनात अमुक एक आहे" एवढेच सांगतो. आपला 'ला' या बाबतीत इंग्रजी 'द'पेक्षा त्या 'ले'च्या अधिक जवळचा आहे.

माणसाने ठरवून रचलेल्या भाषांचा दाखला येथे मोलाचा आहे, कारण त्यांच्या कर्त्यांना उपपद ठेवावे की टाकावे, याची पूर्ण मुभा होती. १८७९-८० मध्ये जर्मन धर्मगुरू श्लायर यांनी वोलाप्यूक रचली. स्वतःची मातृभाषा उपपदांनी भरलेली असूनही त्यांनी ती वगळली. १८८७ साली झामेनहोफ यांची एस्पेरांतो आली. घरच्या यिडिशमध्ये उपपद होते, भोवतालच्या रशियन आणि पोलिशमध्ये नव्हते. त्यांनी सोळा नियमांपैकी पहिलाच नियम उपपदाचा केला. निश्चित उपपद एकच, लिंग-वचनाने न बदलणारे; आणि योगायोग असा की, त्याचे रूप 'ला'! पण नियमाखाली त्यांनी टीप जोडली की, ज्यांना उपपद वापरणे कठीण वाटते, त्यांनी ते मुळीच न वापरले तरी चालेल. (अनेक भाषा शिकलेल्या विनोबांनी ही भाषाही शिकून घेतली होती.) पुढे इटालियन गणिती पेआनो यांनी १९०३ मध्ये विभक्ती गाळून सोपी लॅटिन मांडली, तीत उपपद नाही, १९५१ च्या इंटरलिंग्वात ते पुन्हा आले. उपपदावाचून विचार पांगळा होत असता, तर पेआनोंसारख्या काटेकोर गणित्याने ते सोडले नसते. खुद्द लॅटिन आणि संस्कृत या भाषांतही उपपद नाही. त्यांतील शास्त्रग्रंथांना संदिग्ध म्हणण्याचे धाडस कोण करील?

मग आपल्या मुलांना शिकवावे कसे? 'द' घालण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : कोणते ते ऐकणाऱ्याला कळेल काय? नंतर तेच वाक्य मराठीत मनाशी म्हणावे आणि शब्द पुढे येतो की मागे, 'तो' सहज बसतो की 'एक', ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी उत्तर आपोआप मिळेल. काही गोष्टी मात्र केवळ रूढीच्या आहेत. गोदावरीला 'द' लागतो, पैठणला लागत नाही. 'डेक्कन'ला लागतो, मराठवाड्याला नाही. त्या पाठच कराव्या लागतील. त्यांत बुद्धीचा प्रश्न नाही, सवयीचा आहे.

इंग्रजी नीट यावी, यात दुमत नाही, आणि 'द' चुकला तर शिक्षकांनी तो दुरुस्त करावा. परंतु निश्चित आणि अनिश्चित यांतला भेद त्या मुलाला नव्याने शिकवायचा नसतो. डॉक्टर आणि डॉक्टरांना यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्यापाशी तो आधीच आहे. फक्त इंग्रजीत तो कोठे ठेवतात, तेवढे त्याला दाखवून द्यायचे आहे.